आज्ञावलीची आवृत्ती आणि तिचे शुद्धिपत्र

छापील ग्रंथाच्या शेवटी पुष्कळदा एक शुद्धिपत्र जोडलेले असते. अमुक पृष्ठावरील अमुक ओळीत चुकीचा शब्द पडला आहे, त्या जागी योग्य शब्द वाचावा, एवढेच ते सांगते. वाचक सुज्ञ असल्यामुळे शुद्धिपत्र न पाहताही तो मुद्रणदोष ओळखतो, मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे जातो. संगणक हा मात्र असा सुज्ञ वाचक नव्हे. त्यास दिलेल्या आज्ञांच्या मालिकेत एखादे चिन्ह चुकले, तर ती चुकीची आज्ञाही तो तितक्याच निष्ठेने पाळतो. म्हणून आज्ञावलीतील दोष शोधणे, ते दुरुस्त करणे आणि दुरुस्त झालेली आवृत्ती लोकांच्या हाती देणे, हे आज्ञावली लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

एखादी कंपनी आज्ञावली तयार करून विकते तेव्हा हे काम तेथील पगारी नोकरांवर सोपविता येते. परंतु ज्या आज्ञावली जगभर विखुरलेले स्वयंसेवक मिळून घडवितात, ज्यांत कोणी कोणाचा वरिष्ठ नाही आणि ‘हे काम उद्या सकाळपर्यंत झालेच पाहिजे’ असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, तेथे दोषनिवारणाची व्यवस्था कशी लागते? आवृत्ती सिद्ध झाली असे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? ह्या प्रश्नांचा विचार करण्यास बंगळूर शहरात २०११ साली घडलेला एक प्रसंग फार उपयोगी आहे. तथापि त्याकडे वळण्यापूर्वी काही मूलभूत गोष्टी समजून घेणे इष्ट होईल.

मूलसंहिता आणि तिची मोकळीक

मनुष्य आज्ञावली लिहितो ती त्यास वाचता येईल अशा भाषेत. ह्या लिखाणास मूलसंहिता म्हणता येईल. यंत्रास समजणारे रूप तिच्यापासून पुढे सिद्ध होते, आणि विकत मिळणाऱ्या पुष्कळ आज्ञावलींत ग्राहकाच्या हाती केवळ हे यांत्रिक रूपच पडते. ज्या आज्ञावलींची मूलसंहिताही सर्वांस खुली असते, जी कोणासही वाचता, बदलता आणि बदललेल्या रूपात इतरांस देता येते, त्यांस मुक्तस्रोत आज्ञावली असे म्हणतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली अशा आज्ञावलींची एक संपूर्ण मालिका उभी करण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ ह्या मध्यवर्ती आज्ञावलीस आरंभ केला. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना ह्या दोघा तरुणांनी ‘ग्नोम’ नावाचा प्रकल्प सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, याद्या, चिन्हे आणि नेहमीच्या वापराची साधने मिळून जी व्यवस्था होते, ती सर्वांसाठी मुक्त स्वरूपात तयार करणे हा त्याचा हेतू होता.

‘स्वयंसेवक’ ह्या शब्दाचा येथे थोडा व्यापक अर्थ घ्यावयास हवा. ह्या प्रकल्पांत काही विद्यार्थी असतात, काही हौशी असतात, तर काहींना एखादी कंपनी त्याच कामासाठी वेतनही देते. परंतु प्रकल्पाच्या दृष्टीने पाहिले तर सर्वांची स्थिती सारखीच असते. प्रकल्प कोणासही आज्ञा करू शकत नाही. जो तो आपल्या आवडीचे, सवडीचे किंवा गरजेचे काम उचलतो. नवे वैशिष्ट्य निर्माण करण्यास उत्साही माणसे मिळतात, पण जुना आणि किचकट दोष शोधण्याच्या कंटाळवाण्या कामास ती सहज मिळत नाहीत. ह्या प्रकल्पांची खरी अडचण ही होय.

दोष कशास म्हणावे?

आज्ञावलीतील दोषास इंग्रजीत ‘बग’ म्हणजे कीटक असे म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ ह्या गणनयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटविण्यात आला. यंत्रातील बिघाडास हा शब्द अभियंते त्यापूर्वीही वापरीत असत. म्हणूनच खरा कीटक सापडल्याची ती नोंद विनोदाची ठरली.

दोषांचे प्रकार अनेक आहेत. आज्ञावली मध्येच बंद पडणे हा उघड दोष होय. उत्तर चुकीचे येणे हा अधिक घातक, कारण तो सहसा लक्षात येत नाही. काल नीट चालणारी गोष्ट आजच्या दुरुस्तीमुळे बिघडणे, हा तिसरा प्रकार. लिनक्सच्या प्रकल्पात ह्या तिसऱ्या प्रकाराविषयी विशेष कडक नियम पाळला जातो. नव्या आवृत्तीमुळे वापरणाऱ्याचे चालू काम बंद पडता कामा नये, आणि पडल्यास तो बदल मागे घ्यावा, असा तो नियम आहे.

काही दोष असे असतात की ते निर्माण करणाऱ्यास दिसूच शकत नाहीत. मराठी वाचकास ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ‘आचार्यास बोलाव’ आणि ‘आचाऱ्यास बोलाव’ ह्या दोन वाक्यांपैकी पहिल्यात गुरूस बोलावणे आहे, तर दुसऱ्यात स्वयंपाक्यास. तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. हा भेद केवळ अर्ध्या रकाराच्या रूपात आहे. पहिल्यात रफार डोक्यावर बसतो, दुसऱ्यात अर्धा र पापणीच्या केसासारखा अक्षराच्या पुढे येतो. युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेतात ह्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. नुक्त्याचा ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त अशी जोडी आली की हे दुसरे रूप उमटावे, असा नियम आहे. परंतु पडद्यावर अक्षरे मांडणाऱ्या आज्ञावलीत किंवा टंकात हा नियम नसेल, तर तेथे भलतेच रूप दिसते. जर्मनीतील किंवा ब्राझीलमधील कुशल आज्ञावलीकारास त्यात काही चुकले आहे अशी शंकाही येणार नाही. हा दोष मराठी वाचणाऱ्यासच दिसणार, आणि त्याने कळविल्याखेरीज तो दुरुस्त होणार नाही.

दोषाचा प्रवास

दोष दिसल्यापासून नाहीसा होईपर्यंत त्यास अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिली पायरी नोंदीची. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची दोषांची एक सार्वजनिक नोंदवही असते. ग्नोम प्रकल्पाने अनेक वर्षे ‘बगझिला’ नावाची नोंदवही वापरली. २०१८ साली तो ‘गिटलॅब’ ह्या व्यवस्थेकडे वळला. नोंद करणाऱ्याने तीन गोष्टी सांगणे आवश्यक असते : आपण काय केले, काय घडावे अशी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्ष काय घडले. त्याबरोबर आज्ञावलीची आवृत्ती कोणती हेही सांगावे लागते. ‘तुमची आज्ञावली चालत नाही’ एवढ्याच नोंदीचा उपयोग, ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगणाऱ्या रोग्याचा वैद्यास होतो तितकाच.

दुसरी पायरी छाननीची. आलेली नोंद खरी आहे काय, ती पूर्वी कोणी केली होती काय, आणि दोष किती गंभीर आहे, हे येथे पाहिले जाते. एकच दोष शेकडो लोकांस दिसला तर शेकडो नोंदी होतात. ग्नोममध्ये एके काळी ‘बग-बडी’ नावाचे साधन होते. आज्ञावली कोसळली की ते आपण होऊन नोंद तयार करण्यास साहाय्य करी. त्यामुळे माहिती विपुल मिळू लागली, पण त्याच त्या नोंदींचा ढीगही वाढला. हा ढीग उपसण्यास आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नसते. चिकाटी आणि नीट वाचण्याची सवय असली की पुरते. अनेक नामवंत कार्यकर्त्यांनी आपल्या कामाचा आरंभ ह्याच छाननीपासून केला आहे.

तिसरी पायरी पुनःप्रत्ययाची. सांगितलेल्या कृती तशाच केल्या असता दोष पुन्हा दिसला पाहिजे. हे तत्त्व प्रयोगशाळेतील तत्त्वाहून वेगळे नाही. जो दोष हवा तेव्हा पुन्हा घडवून आणता येतो, तो अर्धा सुटला असे समजावे. कधी दिसणारा आणि कधी न दिसणारा दोष मात्र महिनोन् महिने छळतो. दोष अमुक आवृत्तीत नव्हता आणि तमुक आवृत्तीत आहे एवढे ठाऊक असेल, तर मधल्या बदलांची यादी अर्ध्यावर तोडून तपासता येते. दोष पहिल्या अर्ध्यात आहे की दुसऱ्या, हे कळले की उरलेली यादी पुन्हा अर्ध्यावर तोडावयाची. ह्या रीतीने एक हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो, कारण दोनचा दहावा घात १०२४ आहे.

चौथी पायरी दुरुस्तीची आणि पाचवी परीक्षणाची. दुरुस्ती लिहिणाऱ्याने ती स्वतःच मूलसंहितेत घालावयाची नाही. तो भाग सांभाळणाऱ्या अन्य जाणकाराने ती वाचून मान्य करावयाची असते. शेवटी तोच दोष पुन्हा डोके वर काढू नये म्हणून एक स्वयंचलित चाचणी जोडून ठेवतात. हे सर्व झाल्यावर नोंद बंद होते.

अनेक डोळ्यांची मर्यादा

मुक्तस्रोताच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. एरिक रेमंड ह्या अमेरिकी लेखकाने १९९७ साली असे प्रतिपादन केले की, मूलसंहिता पाहणारे पुरेसे लोक असले म्हणजे कोणताही दोष फार काळ लपून राहू शकत नाही. हे मत पुष्कळ अंशी खरे आहे, परंतु संहिता पाहण्याची मोकळीक असणे आणि ती कोणी खरोखर पाहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

‘ओपन-एसएसएल’ ही आज्ञावली दोन संगणकांमधील संवाद गुप्त ठेवण्याचे काम करते आणि जगातील असंख्य यंत्रे तिच्यावर विसंबून आहेत. दुसरे यंत्र जागे आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यात एक सोय आहे : पहिल्याने एक मजकूर आणि त्याची लांबी पाठवावयाची, दुसऱ्याने तोच मजकूर परत करावयाचा. मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत सांगितलेली लांबी खरी आहे काय, हे तपासावयाचे राहून गेले. परिणामी चार अक्षरे पाठवून ‘ही हजारो आहेत’ असे सांगितले, तर दुसरे यंत्र ती चार अक्षरे आणि त्यांच्या शेजारी स्मृतीत असलेला, कोणाचा परवलीचा शब्द किंवा गुप्त किल्लीही असू शकेल असा, मजकूर निमूटपणे देऊन टाकी. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर असा बाहेर पडू शके. हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला आणि ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने कुप्रसिद्ध झाला. दोन वर्षे संहिता सर्वांस खुली होती, पण ती बारकाईने पाहणारे डोळे फार थोडे होते. ह्या प्रकल्पास त्या काळी वर्षाकाठी देणग्यांतून मिळणारी रक्कम सुमारे दोन हजार डॉलर एवढीच होती, हे कळल्यावर अनेकांस धक्का बसला आणि अशा पायाभूत प्रकल्पांस अर्थसाहाय्य देण्याची व्यवस्था सुरू झाली.

तात्पर्य, केवळ मोकळीक पुरेशी नाही. पाहणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे ह्यांना एक शिस्त हवी.

प्रसिद्धी केव्हा करावी?

ही शिस्त कशी असावी ह्याविषयी दोन विचार आहेत. पहिला विचार असा की, आज्ञावली सिद्ध होईल तेव्हाच ती प्रसिद्ध करावी. १९९३ साली सुरू झालेला ‘डेबियन’ प्रकल्प ह्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. गंभीर म्हणून नोंदविलेले दोष दूर झाल्याखेरीज तेथे स्थिर आवृत्ती बाहेर पडत नाही. ह्याचा गुण उघड आहे. दोष असा की सिद्धतेची वाट पाहता पाहता काळ लोटतो. डेबियनची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली, तर तिच्यापुढची जून २००५ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. एवढ्या काळात नवी यंत्रे बाजारात येतात आणि ती जुन्या आवृत्तीस ओळखताच येत नाहीत. शिवाय पुढील आवृत्ती केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक जण आपले नवे वैशिष्ट्य ह्याच आवृत्तीत घुसविण्याची धडपड करतो. त्यातून नवे दोष उद्भवतात आणि प्रकाशन आणखी लांबते.

दुसरा विचार असा की, प्रकाशनाचा दिवस आधी ठरवावा आणि त्या दिवशी जे तयार असेल ते प्रसिद्ध करावे. ग्नोम प्रकल्प ह्या मार्गाकडे अनुभवाने वळला. त्याची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये बाहेर पडली, परंतु ती अस्थिर असल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बरीच दुरुस्त केलेली आवृत्ती काढावी लागली. जून २००२ मधील दुसऱ्या मुख्य आवृत्तीनंतर त्याने दर सहा महिन्यांनी प्रकाशन करण्याचा क्रम स्वीकारला. पुढे मार्च आणि सप्टेंबर हे त्याचे महिने ठरून गेले. लिनक्सनेही असाच क्रम धरला आहे. तेथे प्रथम सुमारे दोन आठवडे नवे बदल स्वीकारतात, नंतर केवळ दुरुस्त्या स्वीकारून दर आठवड्यास एक चाचणी-आवृत्ती काढतात, आणि नऊ-दहा आठवड्यांत एक पूर्ण आवृत्ती सिद्ध होते.

मार्टिन मिखल्मायर हे २००३ ते २००५ ह्या काळात डेबियन प्रकल्पाचे निर्वाचित प्रमुख होते. त्यांनी पुढे केंब्रिज विद्यापीठात ह्याच विषयावर संशोधन करून २००७ साली प्रबंध सादर केला. डेबियन, ग्नोम आणि लिनक्स धरून सात मोठ्या प्रकल्पांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ असा की, ज्या प्रकल्पात आज्ञा देणारा कोणी नाही, तेथे ठरलेले वेळापत्रक हेच आज्ञा देणाऱ्याचे काम करते. हे समजण्यास आगगाडीचे उदाहरण पुरेसे आहे. गाडी रोज ठरल्या वेळी सुटते हे ठाऊक असले म्हणजे चुकलेला प्रवासी धावत्या डब्यास लोंबकळत नाही. तो पुढच्या गाडीने जातो. परंतु पुढची गाडी केव्हा येईल ह्याचा भरवसा नसला की हीच गाडी गाठण्यासाठी फलाटावर चेंगराचेंगरी होते. अर्धवट शिजलेले वैशिष्ट्य आवृत्तीत घुसण्याचे कारणही हेच असते. आज डेबियनही सुमारे दोन वर्षांच्या अंतराने आवृत्त्या काढतो, आणि नवे बदल थांबविण्याचा दिवस आधी जाहीर करतो.

गोठवणीचा काळ

वेळापत्रक ठरले तरी शेवटच्या दिवसापर्यंत बदल होत राहिले तर तपासणार काय? म्हणून प्रकाशनापूर्वी काही आठवडे एकेक दार क्रमाक्रमाने बंद करीत नेतात. ह्यास गोठवण म्हणतात. प्रथम वैशिष्ट्ये गोठतात. ह्यापुढे नवे काही यावयाचे नाही. मग पडद्याची मांडणी गोठते, कारण माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांस चित्रे काढावयाची असतात. नंतर पडद्यावरील वाक्ये गोठतात. अखेरीस संपूर्ण संहिताच गोठते, आणि अत्यंत गंभीर दोषाच्या दुरुस्तीसदेखील प्रकाशन-मंडळाची संमती लागते.

ह्यांतील वाक्यांची गोठवण भाषांतरकारांसाठी असते. ग्नोममधील प्रत्येक यादी, प्रत्येक सूचना मराठीत आणावयाची तर मूळ वाक्य आधी स्थिर हवे. आदल्या रात्री कोणी एक इंग्रजी शब्द बदलला, तर जगातील सर्व भाषांतील ते भाषांतर एकदम निरुपयोगी होते आणि मराठी पडद्याच्या मध्येच एक इंग्रजी ओळ उमटते. आज्ञावलीकाराच्या दृष्टीने तो बदल क्षुल्लक असतो. ज्यास इंग्रजी येत नाही त्या वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो दोषच होय.

बंगळूर येथील आठवडा

आता बंगळूरकडे वळू. संगणक-उद्योगाचे शहर म्हणून त्याची ख्याती आहेच. परंतु स्वयंसेवी आज्ञावलीकारांचे शहर म्हणूनही त्यास एक इतिहास आहे. २००१ साली तेथे लिनक्सविषयीचे एक वार्षिक संमेलन सुरू झाले, २००५ पासून ते ‘फॉस डॉट इन’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०१२ पर्यंत चालले. त्याचे प्रमुख संघटक अतुल चिटणीस (१९६२–२०१३) होते. भारतीयांनी ह्या आज्ञावली केवळ वापरू नयेत, त्यांच्या घडणीत भागही घ्यावा, ह्या गोष्टीवर त्या संमेलनाने उत्तरोत्तर अधिक भर दिला.

ह्याच शहरात २ आणि ३ एप्रिल २०११ रोजी ग्नोम प्रकल्पाचे आशियाई संमेलन दयानंद सागर संस्थेच्या आवारात भरले. बीजिंग, हो ची मिन्ह नगर आणि तैपेई ह्यांच्यानंतरचे हे चौथे संमेलन होय. पहिल्या दिवशी मुंबईस विश्वचषकाचा अंतिम क्रिकेट सामना होता, आणि त्याच वेळी ह्या मंडळींस दुसऱ्याच एका दिवसाची चिंता लागली होती. ग्नोमची तिसरी मुख्य आवृत्ती ६ एप्रिलला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, बाहेर पडावयाची होती.

ह्या आवृत्तीचा इतिहास उद्बोधक आहे. २००८ साली इस्तंबूल येथील संमेलनात तिची घोषणा झाली. मार्च २०१० हा तिचा पहिला ठरलेला काळ. ती तयार नाही असे दिसल्यावर तो सप्टेंबर २०१० करण्यात आला. नंतर मार्च २०११ आणि अखेरीस ६ एप्रिल २०११. नेमाने सहा महिन्यांची गाडी सोडणाऱ्या प्रकल्पाने असा विलंब का करावा? कारण ह्या वेळी बदल फार मोठा होता. पडद्याची सर्व मांडणीच नव्याने रचली होती, आणि तिच्यासाठी लागणारे मूळ घटकही बदलले होते. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विलंब झाला तरी गाडी थांबली नाही. मार्च २०१० मध्ये २.३० आणि सप्टेंबर २०१० मध्ये २.३२ अशा जुन्या मालिकेतील आवृत्त्या वेळेवर निघाल्या. नवा डबा तयार नव्हता, म्हणून तो जोडला नाही. प्रवाशांची मात्र अडवणूक झाली नाही. दरम्यान नव्या मांडणीच्या चाचणी-आवृत्त्या २.९१ ह्या क्रमांकाखाली निघत राहिल्या. बिंदूनंतरचा विषम अंक चाचणीचा आणि सम अंक स्थिर आवृत्तीचा, असा तेथील तेव्हाचा संकेत होता.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात प्रकल्पाचे काही कार्यकर्ते बंगळूर येथे एकत्र बसून काम करीत होते. एरवी ही माणसे एकमेकांस केवळ लिखित संदेशांतून ओळखतात. एका खंडातील मनुष्य प्रश्न पाठवितो तेव्हा दुसऱ्या खंडात मध्यरात्र असते. उत्तर येईपर्यंत एक दिवस जातो. समोरासमोर बसल्यावर तोच प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. गोठवणीच्या शेवटच्या दिवसांत, जेव्हा प्रत्येक दुरुस्तीविषयी ‘ही आत घ्यावी की पुढच्या आवृत्तीस ठेवावी’ असा निर्णय करावयाचा असतो, तेव्हा ह्या बचतीचे मोल विशेष असते. दुरुस्तीतूनही नवा दोष उद्भवू शकतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात माहीत असलेला लहान दोष तसाच ठेवणे हे पुष्कळदा घाईने केलेल्या दुरुस्तीपेक्षा शहाणपणाचे ठरते. ठरल्याप्रमाणे ६ एप्रिल २०११ रोजी आवृत्ती ३.० प्रसिद्ध झाली.

दोष की मतभेद?

प्रसिद्धी झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याच महिन्यात ३.० ची पहिली दुरुस्त आवृत्ती निघाली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये ३.२ आली. परंतु तक्रारींचा एक वेगळाच ओघ सुरू झाला होता. नव्या मांडणीत खिडकी लहान-मोठी करण्याच्या कळी दिसत नसत. यंत्र पूर्ण बंद करण्याची आज्ञाही ‘आल्ट’ ही कळ दाबून धरल्याखेरीज यादीत दिसत नसे. वापरणाऱ्यांनी हे दोष म्हणून नोंदविले. रचनाकारांचे म्हणणे असे की, हे दोष नव्हेत. आज्ञावली आम्ही योजल्याप्रमाणेच चालते आहे. स्वतः लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीही ह्या आवृत्तीवर उघड टीका केली आणि काही काळ दुसरी व्यवस्था वापरली.

दोषनिवारणाच्या व्यवस्थेची मर्यादा येथे दिसून येते. संहितेतील चूक चाचणीने सिद्ध करता येते; रचना चुकली की नाही हे चाचणीने सांगता येत नाही. मुक्तस्रोतात अशा मतभेदास एक वाट मात्र असते. ज्यांस जुनी मांडणी प्रिय होती त्यांनी जुनी संहिता घेऊन ‘माटे’ नावाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला; दुसऱ्या गटाने नव्या संहितेवरूनच ‘सिनॅमन’ ही व्यवस्था उभारली. ग्नोमनेही मार्च २०१३ च्या ३.८ ह्या आवृत्तीत जुन्या वळणाची मांडणी निवडण्याची सोय दिली. २०२१ साली आवृत्तीचा क्रमांक ३.३८ वरून एकदम ४० झाला, पण सहा महिन्यांचा क्रम तसाच राहिला.

सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

अलीकडील एका घटनेने ह्या सर्व विषयास गंभीर वळण दिले आहे. ‘एक्सझेड’ ही माहितीचे आकारमान कमी करणारी एक लहान आज्ञावली आहे. ती मुख्यतः एकच मनुष्य अनेक वर्षे फावल्या वेळात सांभाळीत होता. त्याच्या थकव्याचा फायदा घेऊन एका अनोळखी साहाय्यकाने सुमारे दोन वर्षे उपयुक्त दुरुस्त्या पाठविल्या, विश्वास संपादन केला, प्रकाशनाचा अधिकार मिळविला आणि २०२४ च्या आरंभीच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत एक चोरवाट दडवून ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा कट उघडकीस आणला.

त्या वेळी ती आवृत्ती डेबियनच्या केवळ चाचणीच्या टप्प्यांत पोचली होती; स्थिर आवृत्तीत ती आलेली नव्हती. अर्थात आवृत्तीस पायरीपायरीने पुढे सरकू देण्याची जी रीत कित्येकांस संथ आणि जुनाट वाटते, तिनेच ह्या प्रसंगी असंख्य यंत्रांचे रक्षण केले. दुसरीकडे असेही दिसून आले की, ज्या आज्ञावलीवर जग विसंबून आहे तिच्या पालनकर्त्यास एकटे सोडणे, हाच मुळी एक दोष होय. आणि तो कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नसतो.

आज शाळेतील, ग्रंथालयातील किंवा घरातील बहुतेक प्रत्येक संगणकात स्वयंसेवकांनी घडविलेला काही ना काही भाग असतोच. तो निर्दोष राहावा ही जबाबदारी केवळ आज्ञावलीकारांची नाही. एखाद्या विद्यार्थ्यास पडद्यावर ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ दिसला, आणि त्याने आपण काय लिहिले, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले, हे आवृत्तीच्या क्रमांकासह नीट कळविले, तर त्यानेही ह्या कामास हातभार लावला असे म्हणता येईल. पुढच्या आवृत्तीत मराठी वाचणाऱ्या सर्वांस ते अक्षर योग्य रूपात दिसेल.